पाटल्यांसाठी धरलेला चातुर्मास

रवि. ता. २२ जुलै १९३४. आषाढी एकादशी

सकाळी देवापुढे सगळ्यांनी हातावरून पाणी सोडलं. ह्यांनी चहा आणि पान-तंबाखू सोडलं. मी तूप. आम्ही दोघांनी गादी, म्हणजे कार्तिकीपर्यंत जमिनीवर निजायचं. कुसुमने वेणी-गजरा (बारा वर्षांची पोर, तिला हेच जड). सासूबाई एकभुक्त, रात्रीचं जेवण बंद. दत्तूला कुणी काही सांगितलं नव्हतं, आजारातून उठलेलं सात वर्षांचं पोर. पण मधेच घुसला, "मी साखर!" म्हणाला, आणि पाणी सोडून मोकळा.

बाहेर सांगायला चातुर्मास. मनातलं इथे लिहिते.

गेल्या कार्तिकात दत्तूच्या विषमज्वरात सासूबाईंनी आपणहून डबा उघडला आणि पाटल्या ह्यांच्या हातावर ठेवल्या. मामंजींनी केलेल्या. कुसुमच्या लग्नासाठी जपल्या होत्या. काशीनाथशेट सराफांनी त्यावर दीडशे दिले, मुदत ह्या कार्तिकी पौर्णिमेची. मग ते मोडणार. अजून व्याज धरून अडुसष्ट द्यायचेत. ह्यांचा पगार पंचेचाळीस. काटछाट केल्यावाचून दर महिन्याला पंधरा निघणार कुठून?

"परवडत नाही" म्हटलं असतं तर सासूबाईंनी आधी स्वतःचं दूध बंद केलं असतं, आणि ह्यांनी चहा काही सोडला नसता. देवाचं नाव घेतलं, दोघं मुकाट्यानं तयार. गादीचं खरं कारण पिंजारी. पिंजायचा सव्वा रुपया सांगतो. चार महिने चटई, सव्वा रुपया शिल्लक, वर पुण्य.

देवा, रागावू नकोस.

मंगळ. २४ जुलै

ह्यांचं डोकं ठणकतंय. सुंठ उगाळून लावली. डोळे मिटून विचारतात, "अगं, वकिलांच्या कचेरीतला चहा मोजायचा का? तो आपल्या घरचा नाही."

म्हटलं, "पाणी सोडताना घरचा-बाहेरचा म्हणाला होतात का?"

"नाही. घाईत होतो."

बुध. १ ऑगस्ट

पगार. पंधरा नेऊन दिले. शेटजींनी चिठ्ठीवर लिहून दिलं. ओढाताण होणार, वाण्याचे दोन राहिले.

हल्ली हे कचेरीतून उशिरा येतात. आज कळलं. रविवार कारंज्यावरचं हॉटेल टाळायला गल्लीतून वळसा घालतात. आल्यावर त्यांच्या पायांवर गरम पाणी घातलं.

रवि. १९ ऑगस्ट

परटाला रजा. कपडे गंगेवर, गोदेच्या घाटावर, मीच धुते. पाणी गढूळ आहे, पांढरं पांढरं होत नाही. कोटाला तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. तांब्या जास्त तापला, डाव्या खिशाखाली पिवळा डाग पडला. मला रडूच आलं. ह्यांनी कोट घालून आरशात पाहिलं.

"वकीलसाहेब माझ्या उजव्या हाताला बसतात," म्हणाले.

रवि. २ सप्टें.

काल दुसरे पंधरा पोचते केले.

आज संध्याकाळी मुलं आजीबरोबर रामाच्या देवळात. दत्तू मूठ घट्ट मिटून घरी आला. पुजाऱ्यांनी पेढा दिला होता. "आजी, प्रसादात साखर असते का गं?"

"असते रे."

"मग तू खा."

सासूबाईंचं सकाळीच जेवण झालेलं. त्यांनाही चालेना. कुसुम म्हणाली, "मला द्या, मी नुसती वेणीच सोडलीय." पण दत्तूचं म्हणणं पेढा आजारी माणसाला द्यायचा. घरात आजारी कोण? तर बाबा, त्यांचं डोकं दुखतं. बाबा घरी नव्हते. पेढा देव्हाऱ्यात राहिला. हे आल्यावर अर्धा त्यांनी, अर्धा कुसुमने.

हे खाताना खिडकीकडे तोंड करून उभे होते. बराच वेळ.

सोम. १ ऑक्टो.

तिसरे पंधरा. आता तेवीस उरले. शेटजी म्हणाले, शेवटचे एकदम पुरते आणा आणि जिन्नस घेऊन जा. माणूस वाईट नाही. पण मुदतीच्या बाबतीत दगड.

हे दुपारच्या सुटीत दुसऱ्या वकिलांच्या नकला लिहितात. बोटाला शाईचा घट्टा पडलाय. ह्या महिन्यात सहा मिळतील.

सासूबाईंच्या चोळीची बाही सैल झालीय. मी दोन टाके घातले. "पावसाळ्यात कापड सैल होतंच," म्हणाल्या. कापड कधी सैल होतं?

शुक्र. ९ नोव्हें. भाऊबीज

देवळाली कॅम्पातून भाऊ आला. ओवाळणीत दोन घातले. करंज्या तेलातल्या, त्याने चार खाल्ल्या आणि "ताई, तूप बदललंस का गं?" असं विचारलं. कुसुम हसून हसून बेजार.

पगारातले पंधरा, नकलांचे सहा, भावाचे दोन. तेवीस! दोनदा मोजले. डब्यात हळकुंडांच्या खाली ठेवले. पौर्णिमा मंगळवारी वीस तारखेला आहे. जुळलं. रामराया, जुळलं.

सोम. १२ नोव्हें.

हे काय करून बसले मी.

पंचवटीतले आमचे उपाध्ये भटजी आले होते. सहज म्हणाले, "वहिनी, द्वादशीला नेमांची सांगता करायची ना? जे सोडलं ते दान द्यायचं. यादी करून ठेवू."

माझ्या माहेरी फक्त वांगं सोडायचे. कार्तिकात ब्राह्मणाला दोन वांगी दिली की झालं. मला वाटलं सगळं तसंच.

भटजी सांगत गेले, मी पाटीवर लिहीत गेले. गादी सोडली, तर शय्यादान: नवी गादी, उशी, पासोडी, रु. ११. तूप सोडलं, तर काशाच्या वाटीत तूप, अडीच. एकभुक्त, तर दांपत्य जेवायला आणि दक्षिणा, ४. चहासाखर १. विडा-दक्षिणा ८ आणे. दत्तूची साखर ४ आणे. कुसुमची वेणी, फुलं फुकटची.

सव्वाएकोणीस.

जी गादी पिंजायला सव्वा रुपया जड झाला, ती नवी करून द्यायची! ऐकून ह्यांना आधी हसू आलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि पाटी पालथी ठेवली.

भटजी जाताना म्हणाले, "सांगता नाही जमली तर नेम पुढच्या कार्तिकीपर्यंत चालवता येतो. मात्र पुन्हा पाणी सोडायचं. आणि मनापासून."

मनापासून.

मंगळ. १३ नोव्हें.

रात्रभर तोच शब्द. सकाळी सासूबाई तुळशीपाशी वाती वळत होत्या, तिथे बसून सगळं सांगितलं. नेम देवासाठी नव्हते, पाटल्यांसाठी होते, मी देवाला पुढे करून तुम्हा सगळ्यांना उपाशी ठेवलं. बोलता बोलता हुंदका आला.

त्या वात वळत राहिल्या. म्हणाल्या, "मला आषाढीलाच ठाऊक होतं."

"कसं?"

"तू पाणी सोडत होतीस आणि ओठ हलत होते. मला वाटलं, सूनबाई मंत्र म्हणतेय. कान देऊन ऐकलं तर 'चहाचे तीन, तुपाचे अडीच.' "

मी तोंड पदरात घातलं.

"मला कळलं तर देवाला कळलं नसेल का? त्याने चार महिने चालवून घेतलंच ना? ऊठ, दूध उतू जाईल."

"पण आई, दानाचं तुम्हाला ठाऊक असेल. तेव्हाच बोलला असतात तर?"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे. तू मॅट्रिक झालेली."

बुध. १४ नोव्हें.

दिवे लागल्यावर सगळे बसलो. दोनच वाटा. सांगता करायची, म्हणजे पाटल्या गेल्या. नाहीतर नेम चालवायचे आणि तेवीस शेटजींना.

हे म्हणाले, "चातुर्मास संपेल, आपला नाही संपणार, एवढंच. मी चटईवर घोरतो तसा गादीवर कधी घोरलो नाही."

सासूबाई म्हणाल्या, त्याही चालवतील. "कुसुमच्या हातात पाटल्या बघायच्यात मला. रात्रीचं जेवण काय मोठंसं."

दत्तू म्हणाला, "एक वर्ष म्हणजे किती रविवार?" कुसुमने सांगितलं बावन्न. तो बोटं मोजायला लागला. दोन्ही हात संपले, मग पायांची बोटं. मला बघवेना. म्हटलं, तुझा नेम सुटणार. चार आण्याची साखर आपल्याला भारी नाही.

गुरु. १५ नोव्हें.

गंगेवर सासूबाईंना घेरी आली. पायरीवरच बसल्या. लोटा हातातून सुटून पाण्यात गेला. शेजारच्या वहिनींनी धरून आणलं. "ऊन लागलं," म्हणतात. सकाळी सात वाजता, कार्तिकात, ऊन!

अंग पुसताना पाहिलं. दंडाची हाडं लागतात हाताला. चार महिने मी हिशोब पाहिला, ताट नाही पाहिलं.

शनि. १७ नोव्हें. कार्तिकी एकादशी

पहाटे स्नान. घरी येऊन पुन्हा पाणी सोडलं. ह्यांनी गादी आणि तंबाखू-पान, मी तूप आणि गादी, पुढच्या कार्तिकीपर्यंत. ह्या वेळी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मनात बेरीज आली नाही. खरंच आली नाही.

ह्यांनी चहाचं पाणी हातात घेतलं, तोच सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "सूनबाई, चहाचा नेम सोडव ह्याचा."

"आई, सवय गेली माझी."

"तुझी गेली असेल. घरात सकाळचा तो उकळल्याचा वास नाही, तर मला उजाडलंय असंच वाटत नाही. एक रुपया ना? मी सांगते, दे."

एक रुपया. दिला.

मग त्यांनी स्वतः पळी उचलली. मी पुढे होऊन म्हटलं, "आई, तुमचं पाणी उद्या सोडू. आज भटजींचा निरोप आहे."

निरोप नव्हता. एकादशीच्या दिवशी खोटं बोलले.

रवि. १८ नोव्हें. द्वादशी

मी काल दुपारीच भटजींकडे जाऊन आले होते. आज बारा वाजता ते आणि त्यांची मंडळी दारात. सासूबाई म्हणाल्या, "हे काय? कुणाची सांगता?"

"तुमची."

त्यांचा चेहरा उतरला. मला माजघरात ओढलं. "चार रुपये! अगं, सव्वा कुठूनही आणला असता, हे चार मंगळवारी कुठून आणणार? पाटल्या जातील. मी कुणासाठी—"

"मला कळतं, आई."

"मग?"

वरणाला फोडणी द्यायची राहिली होती, म्हणून चुलीपाशी गेले. त्या मग पाटरांगोळी घालायला गेल्या. रांगोळी मोठी काढली, बाहेरच्या दोघांची आणि दोन मुलांचीही.

दत्तूची साखर दिली. भटजींनी त्यातली चिमूट त्याच्याच जिभेवर ठेवली. त्याने डोळे मिटले, ते उघडेचना. कुसुमने शेवंतीची वेणी शेजारच्या वहिनींना दिली. वहिनींनी अर्धी तोडून तिच्याच केसांत माळली.

संध्याकाळी सासूबाईंचं पान मांडलं. भात, वरण, पडवळाची भाजी. हे समोर बसले. "आई, थोडं अजून." "पुरे रे." "एवढासा." त्या जेवल्या. चार महिन्यांनी. हे आत जाऊन उगाच पाणी प्याले.

सोम. १९ नोव्हें.

डब्यात सतरा रुपये बारा आणे. सव्वापाच कमी. भावाकडे मागावे तर तो परवाच दोन घालून गेला, पदरात मुलं तीन. वाण्याचे अजून बाकी. ह्यांनी पगारातली उचल मागितली, वकीलसाहेब मुंबईस. गुरुवारी येणार.

काल चूक केली का? रात्री दोनदा हा प्रश्न आला. दोन्ही वेळा सासूबाईंचा श्वास ऐकला, संथ लागलेला. मग झोप लागली.

मंगळ. २० नोव्हें. त्रिपुरी पौर्णिमा

हे कचेरीतून परस्पर सराफ बाजारात जाणार. सकाळी सतरा-बारा रुमालात बांधून दिले. दारात म्हणाले, "पाय धरू का शेटजींचे?"

म्हटलं, "गुरुवारपर्यंत थांबा म्हणा. उभ्यानं म्हणा. पाय नका धरू."

"आणि नाही म्हणाले तर?"

मागून सासूबाई, "तर म्हणावं, मोडताना नीट मोडा. आतल्या बाजूला नाव घातलंय ह्याच्या वडिलांनी, ते आधी वाचा." आणि आत निघून गेल्या.

नाव घातल्याचं मला ठाऊक नव्हतं.

दुपारी दत्तूला कुशीत घेऊन निजल्या होत्या. त्याच्या दंडावर त्यांचा हात, आता दोन्ही दंड सारखेच बारीक. उठल्यावर मला म्हणाल्या, "रात्री भाकरी कर. भात जड होतो." मग थांबून, "दीड कर." इतक्या वर्षांत मला त्यांनी जेवणाचं मागून घेतलेलं आठवत नाही.

आता दिवे लागलेत. गंगेच्या काठानं पणत्या, इथून नुसता उजेड दिसतो. कुसुम गच्चीवरून रस्ता पाहतेय. मघाशी ओरडली, "बाबा!" पण ते दुसरेच कुणी होते.

चहाचं आधण ठेवलंय. पत्ती अजून घातली नाही. हे आल्यावर घालीन, काहीही झालं असलं तरी.

दीड भाकरी झाली. सासूबाई पानावर बसल्यात, मी लिहिणं थांबवते.