आटोक्यात

४ ऑगस्ट

हातमोजे फेकून दिले. पांढरे, सुती, आतून मलमाने तेलकट झालेले. ते घालून खुणांच्या भाषेत शिकवायचं म्हणजे तोंडात बोळा कोंबून कविता म्हणायची! पहिल्या बाकावरची भुवई म्हणाली, 'बाई, काढा ते.' (आमच्या भाषेत तिचं नावच तसं — भुवईवरून फिरवलेलं बोट.)

काढले. वर्ग गप्प झाला, म्हणजे सगळ्यांचे हात खाली आले. तळवे लाल, वर पांढरे पापुद्रे, मधोमध चिरा. कुणी तोंड फिरवलं नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांना ते परवडत नाही — तोंड फिरवलं की ऐकणं बंद.

७ ऑगस्ट

त्वचेच्या डॉक्टर. भिंगातून तळवे पाहिले, कोपरं पाहिली, केस बाजूला करून पाहिलं. 'सोरायसिस.'

मी म्हटलं, साबण बदलला होता.

'साबणाचा दोष नाही. शरीराचे पहारेकरीच उगाच हाकाटी करताहेत. महिनाभरात व्हायची ती कातडी चार दिवसांत होते, कच्चीच वर येते.' कुणाला लागत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. एकदा मला, एकदा दादाला. दादा सबंध वेळ दाराशी उभा होता. खुर्ची रिकामी होती.

नवं मलम. जास्त जोराचं. आपल्या मनाने सोडायचं नाही.

१२ ऑगस्ट

वहिनीनं माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर टांगला. 'वन्सं, तुमच्याच सोयीसाठी हो!' संध्याकाळी ताटही वेगळं. उद्या माझ्याच सोयीसाठी मला गच्चीवर झोपवेल.

३० ऑगस्ट

हात कोरे! मलम फडताळात ठेवून दिलं. वहिनी म्हणाली, 'औषध फार दिवस लावू नये, अंगात मुरतं.' आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

१५ सप्टेंबर

दुपटीने परत. तळवे, पावलं, आता कपाळाची कडही. पंजा उघडला की चिरांतून रक्त. पंजा उघडल्याशिवाय आमचे अर्धे शब्द होतच नाहीत.

डॉक्टर म्हणाल्या, 'मलम बंद करायला कुणी सांगितलं?'

'बरं झालं होतं.'

'बरं नव्हतं झालं. आटोक्यात आलं होतं.'

आटोक्यात. भाषा शिकले, भाषाच शिकवते. हा शब्द आज पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला. मी विचारलं, 'आणि बरं कधी होणार?' डॉक्टर टोपण शोधत होत्या. पेनाचं. ते पेनालाच होतं.

१८ सप्टेंबर

भुवईनं तेच विचारलं. खोटं सांगवेना. पण 'आटोक्यात'ला आमच्याकडे खूण नाही. उजवी मूठ धरली, वरून डाव्या हाताने दाबली.

तिनं विचार केला. 'कुत्रा बांधून ठेवलाय? मेला नाही?'

'नाही.'

'भुंकतो?'

'भुंकतो.'

वर्ग हसला. मीही हसले. डाव्या हाताला रक्त लागलं होतं, ते पदराला पुसलं.

२६ सप्टेंबर

मुलांनी माझं नाव बदललंय. आधी मानेमागे मूठ — अंबाडा. आज जिन्यात दोघी बोलत होत्या. त्यातली एक नखांनी दुसरा तळवा खरवडायची, मग पुढचं वाक्य. ते खरवडणं म्हणजे मी.

राग धरता येत नाही. जे दिसतं ते नाव. भुवई, खळी, चष्मा. बाहेरचे लोक नावं ठेवतात. यांनी एकच ठेवलं, आणि ते बरोबर आहे.

१ ऑक्टोबर

नवा मुलगा. हाताचा आकार जमेना म्हणून मी त्याची बोटं धरून दाखवत होते. त्याच्या आईनं खिडकीतून पाहिलं. आत आली, त्याचा हात ओढून घेतला, स्वतःच्या ओढणीनं पुसला.

मोठ्या बाईंनी बोलावलं. 'मला कळतं हो, लागत नाही. पण मी कुणाकुणाचं तोंड धरू?' हात नीट होईपर्यंत वर्ग नाही. पुस्तकांना कव्हरं घालायची. खालच्या मजल्यावर.

३ ऑक्टोबर

कव्हरं घातली. कुणाशी बोलायचंच नव्हतं. तरी हात आपले हलत होते.

५ ऑक्टोबर

डॉक्टरांनी पर्याय सांगितले. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. तिच्यासाठी रक्त तपासत राहायचं, यकृतावर लक्ष ठेवायचं. इंजेक्शनं, ती त्यानंतरची पायरी. किंवा प्रकाश, पेटीत हात घालून बसायचं, थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा. त्यांचा कौल गोळीकडे होता.

बाबा यकृतानेच गेले. मी प्रकाश म्हटलं.

'लगेच उजाडेल असं समजू नका,' त्या म्हणाल्या. विनोद होता. घरी आल्यावर कळलं.

२० ऑक्टोबर

पेटी. निळसर उजेड. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा आपले तळवे दाखवत म्हणाले, 'माझी चाळीस वर्षांची सोबत. बायकोपेक्षा जुनी.' धीर द्यायला म्हणाले असावेत.

९ नोव्हेंबर

फरक नाही. लिहिण्यासारखंही काही नाही.

२ डिसेंबर

चिरा मिटल्या. पापुद्रे गेले. मोठ्या बाईंनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, भाजी घेताना पाहावं तसे. 'आजपासून वर्गावर या.' आनंद व्हायला हवा होता. मी कव्हरांची कात्री नीट जागेवर ठेवली आणि वर गेले.

१४ डिसेंबर

हात स्वच्छ. पण उजवी तर्जनी आणि मधलं बोट सुजून टणक झालीत, वळत नाहीत. डॉक्टरांनी दाबून पाहिलं. 'आजार तोच. सांध्यांत उतरलाय. प्रकाश तिथवर पोचत नाही.' गोळी आजपासून. बोटं पहिल्यासारखी होतील का, ते सांगता येत नाही म्हणाल्या.

दुपारी वर्ग घेतला. भुवई बराच वेळ डोळे बारीक करून माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'बाई, पुटपुटू नका.'