डाव्या खांद्याची रायफल

ब्राउनश्वाइग, २४ मे

प्रिय कौमुदीताई,

दर रविवारी फोनवर तू आधी माझ्या डोळ्याचं विचारतेस आणि मी ‘सुधारतोय’ म्हणून विषय बदलतो. आज बदलणार नाही. पण आधी त्या रायफलीचं ऐक. घरात बंदूक कशाला, म्हणून ईश्वरीकडे माझ्या तक्रारी केल्यास ना? अगं, सात वर्षं इथल्या नेमबाजीच्या क्लबात जातोय मी! रीतसर परवाना आहे, कुलपाचं कपाट आहे. स्वीडनच्या सैन्याने कधीच मोडीत काढलेली, आपल्या आजोबांच्या वयाची रायफल आहे ती. लोखंडाला मी बोटही लावत नाही, ते परवानावाल्या कारागिराचं काम. माझं काम फक्त लाकडाचं. खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी टेबल मांडलंय, आणि घरभर भुसा होतो म्हणून बायकोची, ईश्वरीची, बोलणी खातोय.

दस्त्यावर गाल टेकायला अक्रोडाची उशी बसवायची होती. तीन शनिवार घासली, जवसाचं तेल पाजलं, हौसेने खांद्याला लावली आणि कपाळावर हात मारला. उशी नेहमीच्याच बाजूला! एनसीसीपासूनची सवय, हात डोक्याला विचारतो कुठे? क्लबातले क्रेमरसाहेब, ऐंशीचे सुतार, बघायला आले. पोट धरून हसले आणि पटाशी माझ्याच हातात दिली. मीच ती उशी उखडली. तेव्हा रडलो, खोटं कशाला सांगू? आल्झो, इथले लोक म्हणतात तसं ‘तर मग’, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली.

आता ती उजव्या बाजूला बसलीय, म्हणजे डावा गाल टेकतो आणि रायफल डाव्या खांद्याला लागते. पहिल्या दिवशी दहातली एकही गोळी कागदाला लागली नाही. परवा सहा निशाणाच्या काळ्या वर्तुळात गेल्या. सप्टेंबरच्या स्पर्धेत नाव दिलंय. हरेन, पण उतरणार. नोकरीही सोडत नाही आणि पुण्यालाही परत येत नाही, तेवढा हट्ट आता सोड.

उजवा डोळा गेला, ताई. दोन ऑपरेशनं झाली, पण पडदा धरला नाही. आता दिसणार नाही, हे डॉक्टरांनी मार्चमध्येच स्पष्ट सांगितलं. तुला सांगायची छाती झाली नाही. फोनवर तू रडली असतीस आणि मी पुन्हा थाप मारली असती, म्हणून हे पत्र. काल सुधीरभाऊजींचा फोन आला. तू देवीला नवस बोललीयस म्हणे, माझा डोळा बरा होईपर्यंत अनवाणी राहीन म्हणून. मेच्या उन्हात, डांबरावरून, रोज बँकेपर्यंत! माझ्या खोटेपणापायी तुझ्या तळव्यांना फोड आले आणि मी इथे लाकूड घासत बसलो. लाज वाटली गं मला. देवीला सांग, भावाने फसवलं, काय शिक्षा द्यायची ती त्याला दे. आणि हे पत्र वाचून झालं की ऊठ, आधी पायांत चपला घाल.

तुझाच,
हृषिकेश