हेडफोनमधल्या बाई

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. ग्रंथालयात जे चाललंय त्याची कुणा शहाण्या माणसाने नोंद ठेवायला हवी, आणि तसा तिथे मी एकटाच. देवघेव काउंटरवर मला चोवीस वर्षं झाली. आज मागच्या खोलीत सहा कॉम्प्युटर आले, त्यांच्यामागून एक नवी मॅडम आली. वय तिशीच्या आत. अध्यक्षांनी ओळख करून दिली, म्हणाले, या आता आपल्या ग्रंथालयाला काळाबरोबर नेणार. मी हसलो. मनात म्हटलं, न्या. मला मत्सर वगैरे नाही. तिच्या खोलीत एसी आहे, एवढं फक्त नोंदवतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार
मॅडमच्या खोलीला मागच्या अंगणातून वेगळं दार आहे. म्हणजे लोक परस्पर तिकडे जाणार, माझ्या काउंटरवरून जायला नको. आज तिने कुणाचा पेन्शनचा फॉर्म भरून दिला, एका आजींना परगावच्या मुलीशी व्हिडिओवर बोलायला शिकवलं. याला ग्रंथालय म्हणत नाहीत. दिवसभरात सत्तावीस माणसं गेली. मी मोजली नाहीत, खिडकीतून दिसली.
संकल्प: तिकडे बघायचं नाही.
घरी ही जेवताना काहीतरी सांगत होती. मंगळवार-शुक्रवार, तीन ते पाच, असं काहीसं. मी हं म्हटलं. डोक्यात ते अंगणातलं दार होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार
विश्वासघात.
निवृत्त पोस्टमास्तर हे माझे वाचक. अकरा वर्षं रोज दहाच्या ठोक्याला माझ्या समोरच्या खुर्चीत. गेल्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांना अक्षर दिसत नाही, तरी पुस्तक उघडून बसायचे. निष्ठा म्हणतात ती ही. आज आले, मला नमस्कार केला आणि सरळ मागच्या खोलीत गेले. वाटलं, दिसत नाही, वाट चुकली असेल. तासाभराने शिपायाला बघायला पाठवलं. तो अर्ध्या तासाने परत आला. म्हणाला, कानाला हेडफोन लावून बसलेत, डोळे मिटलेत आणि हसतायत.
माझ्यासमोर ते अकरा वर्षांत एकदाही हसलेले नाहीत.
एवढं बघायला अर्धा तास कशाला, असं शिपायाला विचारलं. म्हणाला, गोष्ट रंगात आली होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार
छडा लावला. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅडम आपलीच पुस्तकं लोकांकडून मोठ्याने वाचून घेते आणि रेकॉर्ड करते. पोस्टमास्तरांना त्यातल्या एका बाईंचा आवाज फार आवडलाय. म्हणाले, त्या वाचतात तेव्हा माणसं समोर येऊन बसतात हो. मी आठवण करून दिली की अकरा वर्षं तुम्हाला पुस्तकं मी काढून दिली. म्हणाले, हो, काढून दिलीत खरी.
त्या 'खरी'वर दिवसभर विचार केला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
प्रतिहल्ला. 'ग्रंथपालाशी गप्पा', संध्याकाळी पाच वाजता. वीस खुर्च्या मांडल्या, फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. पाच वाजून बारा मिनिटांनी एक गृहस्थ आले. वायफायचा पासवर्ड मागत होते. त्यांना वर्गीकरणाची पद्धत समजावली. अठरा मिनिटं ऐकलं त्यांनी, दाराकडे बघत. एकूण सुरुवात आश्वासक.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
शत्रूला ओळखायचं तर त्याच्या गोटात शिरावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत मॅडमच्या खोलीत गेलो आणि त्या बाईंचं एक प्रकरण ऐकलं, केवळ दोष काढायला म्हणून. आवाज खालच्या पट्टीतला. घाई नाही. वाक्य संपलं की श्वासभर थांबतात, मग आपणही थांबतो. एके ठिकाणी पात्राच्या डोळ्यांत पाणी येतं तिथे खोलीतला एसी फार गार वाटला. दोष सापडला: एकदा 'ष'चा 'श' झाला. या बाई कुणीही असोत, त्यांना मार्गदर्शनाची गरज आहे.
काउंटरवर परतायला चाळीस मिनिटं उशीर. कुणाच्या लक्षात आलं नाही. ही गोष्ट चांगली की वाईट, ठरवता येत नाही.
घरी ही मिठाच्या गुळण्या करत होती. घसा बसलाय म्हणाली, दुपारी फार बोलणं झालं. म्हटलं, माणसाने बेताने बोलावं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
दुपारी चारला घरी फोन केला. उचलला नाही. शेजारणीला केला तर त्या म्हणाल्या, वहिनी मंगळवारी-शुक्रवारी छान तयार होऊन बाहेर जातात की, तुम्हाला माहीत नाही? म्हटलं, माहीत आहे, खात्री करत होतो.
संध्याकाळी हिला सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठे जातेस? ही म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना. मला आठवत नाही हे कबूल करणं शक्य नव्हतं. हो हो म्हटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
निर्णय. मी स्वतः वाचणार. चोवीस वर्षं पुस्तकांत काढलेला माणूस मायक्रोफोनसमोर बसला की त्या बाईंचं काय उरणार? सकाळीच मॅडमला सांगितलं. तिला आनंद झाला, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं इतकंच. अकरा पानं एका दमात वाचली, एकही 'ष' चुकला नाही. मॅडम म्हणाली, नमुना आम्ही नाव न सांगता ऐकणाऱ्यांना ऐकवतो, ते ठरवतात. न्याय्य पद्धत आहे. पोरीत काही गुण आहेत.

३ मार्च, मंगळवार
निकाल. पाच जणांनी ऐकला. दोघांना झोप लागली. याचा अर्थ आवाजात शांतता आहे. पोस्टमास्तर म्हणाले, हे कोण नियमावली वाचतंय? मॅडमने हे सगळं फार जपून सांगितलं. मग म्हणाली, तुमचा आवाज वाया घालवायचा नाही, आपण घोषणेला वापरू. त्यानुसार आज संध्याकाळी स्पीकरवरून माझा आवाज घुमला: ग्रंथालय बंद होण्याची वेळ झाली आहे, कृपया उठावे.
सगळे लगेच उठले. असा परिणाम त्या बाईंना साधेल का?

६ मार्च, शुक्रवार
मॅडम सहानुभूतीने म्हणाली, तुमची निवड झाली असती तर एका घरात दोन आवाज झाले असते. विचारलं, दोन कसे? ती गोंधळली. म्हणाली, सर, काकू. आतल्या काचेच्या खोलीत मायक्रोफोनसमोर पाठमोरी कुणीतरी बसली होती. ती पाठ मी एकोणतीस वर्षं ओळखतो. आवाज ओळखला नाही.
मॅडमला म्हटलं, मला माहीतच होतं.

७ मार्च, शनिवार
सकाळी हिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तीनदा सांगितलं. तुम्ही तीनदा हं म्हणालात. मग भाजी चिरत म्हणाली, तिथे मी बोलते तेव्हा लोक ऐकतात हो, मला सवय नव्हती. भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं.
दिवसभर पोस्टमास्तरांकडे बघत होतो. माझ्या बायकोचा आवाज कानात घालून, डोळे मिटून हसणारा हा माणूस. गेला महिनाभर तिच्याबरोबर माझ्यापेक्षा जास्त वेळ त्यांचा गेलाय. त्यांना सांगितलं, त्या बाई आमच्या घरच्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, भाग्यवान आहात, तुम्हाला रोज ऐकायला मिळत असेल.
हं म्हटलं.

१२ मार्च, गुरुवार
पाच दिवसांत हिचं पुस्तक, झालंय तेवढं सगळं, ऐकलं. सुट्टीत, रांगेत नंबर लावून, इतरांसारखं. शेवटचं प्रकरण हिने अजून वाचलेलं नाही. पुढे काय होतं ते घरी विचारलं. ही हसली. म्हणाली, वाचीन तेव्हा कळेल, तुम्हाला वेगळा न्याय नाही.

१६ मार्च, सोमवार. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं
शेवटच्या प्रकरणासाठी पोस्टमास्तर अडून बसलेत, म्हणून मॅडमने मायक्रोफोन घरीच पाठवला. मी रजा टाकून मदतीला थांबलो. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, श्वास कुठे घ्यायचा ते हिला समजावलं. पहिल्या पानावर दोन सूचना केल्या, दुसऱ्यावर चार. हिने रेकॉर्डिंग थांबवलं. अगदी मऊ आवाजात, खालच्या पट्टीत म्हणाली, अहो, तुम्ही तासभर बाहेर बसता का?
जिन्यात बसून लिहितोय. दाराला कान लावला तर आवाज येतो, शब्द कळत नाहीत.
शेजारीण वर जाताना थांबल्या, किल्ली विसरलात का म्हणाल्या.
हो म्हटलं.