गुरुवारचं टेबल

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, वाकून फरशी पुसणं पुरे. आमच्याकडे सगळे बरे. यांची बदली टळली, लेकीची परीक्षा आटोपली, आणि स्वयंपाकघराच्या छताची गळती एकदाची थांबली.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटलं असेल. फोन तू मध्येच ठेवून देशील. पत्र फाडलंस तरी थोडं वाचूनच फाडशील.

ताईचं घर रिकामं करून झालं. भांडी शेजारणीला दिली, पुस्तकं वाचनालयाला. तिचा राखाडी कोट मात्र मी ठेवून घेतला. फोनही माझ्याकडेच आहे, तो बंद करणं जिवावर येतं. एके दिवशी तो वाजला. कुणी अनोळखी बाई म्हणाली, "या गुरुवारी टेबल ठेवू ना? बरेच दिवस आला नाहीत. म्हातारबाबा एकटेच बसून जातात."

ताई गेली, एवढं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "ठेवा."

ताईच्या घरामागच्या गल्लीत, चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानाला लागून एक छोटं फ्रेंच बिस्त्रो आहे. तिच्याकडे जाता-येता आपण कितीदा तिथून गेलो असू, पण कधी मान वळवून पाहिलं नाही. मोजकी टेबलं, भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूनं लिहिलेले आजचे पदार्थ. मालकीणबाई वाढतात, त्यांचा नवरा आत शिजवतो. पावसाचा गारठा होता म्हणून मी ताईचाच कोट घातला होता, आणि आम्ही दोघी लांबून किती सारख्या दिसायचो ते तुला ठाऊकच आहे. बाई हसत पुढे आल्या आणि जवळ येताच त्यांचं हसू विरलं. पण तोवर खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला होता.

"ठकू? आलीस का गं?"

ताईला ठकू म्हणणारं माणूस एकच होतं. दादा, आता पत्र खाली ठेवू नकोस.

फार वाळलेत. कॉलर मात्र कडक इस्त्रीची. काचबिंदूनं नजर गेली आहे, सावलीसारखं तेवढं अंधुक दिसतं. त्यांनी चाचपत कोटाची बाही धरली आणि त्यांचा चेहरा असा सैल पडला, की मला खरं सांगवेना. मी खुर्ची ओढून बसले.

"सर्दी झालीय," मी म्हणाले. "आवाज बसलाय."

कांद्याचं सूप आलं, वर भाजलेला पाव आणि वितळलेलं चीज. "फुंकर मार," ते म्हणाले, "नाहीतर पुन्हा जीभ भाजून घेशील." आणि मी, एवढी घोडी, मुकाट्यानं फुंकर मारली.

हा माणूस कधी भेटलाच तर काय काय सुनवायचं, ते मी किती वर्षं घोकत होते. ते घर सोडून गेल्यानंतरचं आईचं शेवटचं दुखणं. कॉलेजात जायच्या वयात तुझं छापखान्यात कामाला लागणं. सगळं पाठ होतं. त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि विचारलं, "बिट्टी अजून रागातच असेल ना?"

"हो," मी म्हणाले. "फार."

"असू दे. तिचा राग खरा आहे."

माझ्याचबद्दल, माझ्याच तोंडावर.

त्यांच्या बोलण्यातून हळूहळू कळलं, की ताई नोकरी करायची त्याच डोळ्यांच्या दवाखान्यात ते डोळे तपासून घ्यायला आले होते. रांगेतलं नाव पुकारताना तिचा आवाज अडकला. पहिल्या दिवशी ती त्यांच्याशी बोललीच नाही. दुसऱ्या खेपेला तिनं त्यांना हाताला धरून इथं आणलं.

मी पुन्हा गेले. पुन्हा पुन्हा गेले. दर वेळी ठरवायचे, की आज सांगायचं. ते आपल्या लहानपणच्या गमती सांगायचे, मोकळेपणी हसायचे, आणि मी ताईसारखी मान मागे टाकून हसायचे. घरी हे एकदा म्हणाले, "तू हल्ली ताईंसारखी हसतेस." बाजारात कुणीतरी ठकू म्हटल्याचा भास झाला आणि मी वळून ओ दिली. भाजीवाली माझ्याकडे बघतच राहिली. त्या टेबलाशी ताई जिवंत असायची आणि मी कुठेच नसायचे. घाबरत होते, तरी गुरुवारची वाट बघत होते.

परवा त्यांनी पिशवीतून लोकरीचा मफलर काढला. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तुझा वाढदिवस. इथंच केक सांगून ठेवलाय." आणि तो मफलर माझ्या गळ्याभोवती गुंडाळायला हात पुढे केले.

मी त्यांचे हात धरले. "बाबा, ठकू गेली. उन्हाळ्यातच गेली. मी बिट्टी आहे."

ते म्हणाले, "त्रास झाला का तिला?"

"नाही. दवाखान्यात, कामावर बसल्या बसल्या गेली."

त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतले. मला वाटलं, चिडले. पण ते म्हणाले, "तू आहेस हे ठाऊक असतं, तर मी असा हसलो नसतो गं. तिनं मला माफ केलं होतं, म्हणून हसत होतो. तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं हसू?"

मालकीणबाई ताटल्या उचलायला आल्या आणि तशाच परत गेल्या. बाबा रडत होते. तुझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "मी रडलो हे त्याला सांगू नकोस. वाटेल, दया मागतोय." मी सांगते आहे. तुला जे वाटायचं ते वाटू दे.

त्यांना मी माफ केलेलं नाही, दादा. पुढच्या गुरुवारी बिट्टी म्हणूनच जाणार आहे, आणि पाठ केलेलं सगळं ऐकवणार आहे. ते ऐकून घेतील. तू ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण ताई दोनदा आपल्याला काहीतरी सांगायला लागली होती, आठवतं? बाबांचा विषय निघताच तू उठून गेलास आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला. तिचं सांगायचं राहून गेलं. ते आता मी सांगितलं.

तुझी उरलेली बहीण