ठोंब्याचे जोडलेले हात

तीर्थस्वरूप आत्याला साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खाली वाकलं की माझ्या डाव्या कानातली शिट्टी मोठी होते).

तुझे गुडघे कुरकुरत असूनही तू तीन जिने चढतेस हे वाचून बरं वाटलं. शिट्टी सोडली तर माझी प्रकृती उत्तम आहे. नोकरीची मात्र खात्री देववत नाही.

मी नक्की काय करते हे तू पुन्हा विचारलंयस. (शेजारणीला ‘कॉम्प्युटर दुरुस्त करते’ सांगतेस, तेच सांगत राहा. त्यात निदान काहीतरी दुरुस्त होतं.) एमआरआयच्या यंत्रात चुंबकाचा जोर भराभर बदलतो, त्यामुळे आत निजलेल्याच्या अंगात किंचित वीज खेळते. फार झाली तर मुंग्या येतात, स्नायू उडतात. ती कुठे किती हे कुणाला त्रास न देता काढायचं, म्हणून माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक माणूस ठेवलाय. हाडं, चरबी, कातडी, सगळं बारीक ठोकळ्यांचं. त्याला आम्ही ठोंब्या म्हणतो. चार वर्षांत एका शब्दाने उलट बोलला नाही. आपल्या घराण्यात असा पुरुष झाला नाही.

तर हा ठोंब्या हात अंगापासून लांब ठेवून निजतो. मला वाटलं, घाबरलेला माणूस असा कुठे निजतो? म्हणून मी त्याचे हात उचलून छातीवर जोडले. (दया आली गं. तीच नडली.) गणित अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी पाहते तर बोटांपाशी विजेचा आकडा आठपट. एका हातातून छातीत, छातीतून दुसऱ्या हातात, असा विजेला गोल फिरायला रस्ताच मिळाला होता आणि सगळी गर्दी बोटं टेकतात तेवढ्याशा जागेत. माझा आनंद गगनात मावेना. बैठकीत मी पाऊण तास बोलले, ‘शोध’ हा शब्द सहा वेळा वापरला. आमच्या मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “खाली यंत्राच्या खोलीबाहेर पाटी आहे, ती कधी वाचलीस का?”

नव्हती वाचली. जाऊन पाहिली. तिसरी ओळ : ‘आत हात जोडू नयेत.’ पाटीचा रंगसुद्धा उडालाय. डोंगर पोखरून उंदीर काढावा, तर तोही कुणीतरी आधीच काढून भिंतीवर टांगलेला. आता मला ठेवायचं की नाही हे बाई महिनाअखेर ठरवणार आहेत. मला काही आशा नाही. तू काळजी करू नकोस, ती मी पुरेशी करते आहे.

तुझी, अकरा दिवस खर्चून पाटी वाचलेली,
भाची

ता. क. पाटी बघायला गेले असं वर लिहिलंय, ते खरं नाही. लाजेने मी दोन दिवस तो जिनाच उतरले नव्हते. गेले ते वेळ घ्यायला. कानाच्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय लिहून दिलाय. पाटी तेव्हा वाचली.

आणखी एक. मंगळवारी सकाळी दहा वाजता. आत माझ्या अंगात वीज कुठे किती खेळेल हे मला तोंडपाठ आहे. शिट्टी कशाने वाजते ते ठाऊक नाही, आणि मी फार घाबरले आहे. गुडघ्यांना जमलं तर ये. मला आत हात जोडता येणार नाहीत. बाहेर बाकावर बसून तू जोड.