तमन्ना, मी आणि सहा हजार मीटर

१२ जानेवारी
शंभर बैठका!! दिवसभर एसटीत उभी असते म्हणून पाय तयार आहेत असं वाटायचं — कसलं काय! आज कठडा धरून जिना उतरले. कंडक्टरबाई लंगडतेय म्हणून ड्रायव्हर हसत होता.
गैबी वस्तादांचा जन्म तालमीत गेला, बर्फ कधी पाहिला नाही. म्हणाले, "डोंगराचं मला काय कळत न्हाय. मांडीचं कळतंय."

२ फेब्रुवारी
रंकाळ्याला दोन फेऱ्या. पळायचं, पण बोलता आलं पाहिजे एवढ्याच वेगानं. दम लागला की चालायचं. याला व्यायाम म्हणायचं? वस्ताद म्हणतात, यानंच छाती तयार होते.
ऑगस्टमध्ये लडाखचं सहा हजार मीटरचं शिखर — हे खूळ तमन्नाचं. शाळेचे गणवेश शिवते, माझ्याच वयाची. दहा वर्षं मनात होतं तिच्या. "एकटीला सोडत न्हाईत घरातनं. तू चल की!" म्हणून मी.

१६ मार्च
जोतिबाचा डोंगर, पाठीवर पंधरा किलो. वजन म्हणजे पाण्याचे कॅन. वर पोचलं की ओतून टाकायचं, उतरताना गुडघे वाचतात. एक आजी बघत उभ्या. "देवाला पाणी घालाय आलाय व्हय गं?" तमन्ना म्हणाली, "व्हय आज्जी, नवस हाय." खालीपर्यंत हसत आलो.

४ एप्रिल
डबल ड्यूटी. व्यायाम नाही. थोडी रडले.

२५ मे
वीस किलो. पन्हाळ्याला मी तमन्नाच्या आधी वीस मिनिटं पोचले — माज आला जरा! वस्तादांनी काहीच कौतुक केलं नाही. मनगट धरून नाडी मोजली, म्हणाले, "बस खाली."
विश्वजित पहाटे चारला उठून अंडी उकडून देतो. साडेचार महिने झाले, एकदा कुरकुर नाही. नवऱ्याला तोंडावर कधी म्हणाले नाही, म्हणून इथं लिहिते. नशीब माझं.

१८ ऑगस्ट, लेह
शिखर राहिलं.
वरचे दीडशे मीटर उरले होते. पाय ठणठणीत, डोकं फिरलं. विरळ हवेनं होतं म्हणे असं. मी गाइडला "तिकीट, तिकीट" म्हणत होते! हातमोजे काढून फेकायला लागले. तमन्नानं ते परत चढवले, म्हणाली, "वर वारं सुटलंय, सगळ्यांनाच परत फिरायला सांगितलंय." पुढं गाइड, मागं ती, मध्ये दोरीला मी. माझी सॅकही तिच्याच पाठीवर. सहा तास उतरत होतो. मग जीप, ऑक्सिजन, इथलं हॉस्पिटल. आमच्या गटातले बाकीचे मागून यायचेत.
डॉक्टर म्हणाले, आणखी वर गेला असता तर अवघड होतं.
ती खुर्चीत बसून झोपलीय, बूटसुद्धा काढले नाहीत. तिला म्हटलं होतं, वाईट वाटतंय का? "वाऱ्याला कोण काय करणार!"
सगळ्यांचे उपकार आठवतात. वस्ताद, विश्वजित, त्या जोतिबाच्या आजीसुद्धा.

२५ ऑगस्ट, कोल्हापूर
सकाळी आमचे लीडर अमरसिंह माझं राहिलेलं सामान द्यायला आले. मी म्हटलं, वारं सुटलं नसतं तर निदान तमन्ना तरी पोचली असती.
ते म्हणाले, "वारं? कुठलं वारं? आम्ही आठही जण वर जाऊन आलो. गाइड तुम्हाला उतरवतच होता. तमन्नाबाईंना मी दोनदा म्हणालो, चला वर. त्या म्हणाल्या, 'न्हाय. ती घाबरलीया, मी जाते तिच्यासंगं.'"
आठ वाजलेत. तिचं दुकान साडेनऊला उघडतं. मी चप्पल घालून बसलेय.