आज कुणाचा वार

ता. ९, सोमवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि तुमची ती गळकी खोली, तिघंही बरी असाल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. खिडकीची काच अजून बसली नाही, मी पुठ्ठा लावलाय.

नवीन म्हणजे सरकारने देशभरचे वेगवेगळे दवाखाने एकत्र केले. इतकी वर्षं आईचं हृदय नदीपलीकडे होतं, मूत्रपिंडं बाजारामागे आणि साखर तिसरीकडेच. एक ना धड, भाराभर चिंध्या. आता एकच इमारत, एकच डॉक्टरीणबाई. मी हरखलेच होते.

बाईंनी विचारलं, "आजी, दिवसाला पाणी किती पिता?"

आई म्हणाली, "आज कुणाचा वार आहे?"

मला वाटलं, भ्रमली. तसं नव्हतं. हृदयवाल्यांनी तिला पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, मूत्रपिंडवाल्यांनी मुतखड्यांसाठी भरपूर. कुणाचंच मन मोडायचं नाही म्हणून तिने वार वाटून दिले, एक दिवस यांचा, एक दिवस त्यांचा. आणि एका घरचं दुसऱ्या घरी सांगू नये, तसं तिने हृदयवाल्यांपुढे खड्यांचं नावही काढलं नाही. मी बाहेर येऊन रडले, आणि खरं सांगते, मधेच हसूही आलं.

सगळ्यांची औषधं बाईंनीच पहिल्यांदा एकत्र पाहिली. तिथेही तेच, एकाच्या गोळीने दुसऱ्याचं काम बिघडवलेलं. मूत्रपिंडं गेली आहेत. डायलिसिस करावं तर हृदय तिथेच थांबू शकतं. न करावं तर थोडेच आठवडे.

म्हणजे ठीक नाही रे काही. वर उगाच लिहिलं.

मला तिने शपथ घातली होती. "त्याला कळवायचं नाही. एवढ्या लांब नुसता जळत बसेल." ती मी आज मोडतेय. काय करायचं ते बाईंनी तिलाच विचारलं, तर म्हणाली, "मुलं ठरवतील." आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

पंधरवड्यात उत्तर द्यायचं आहे. मी एकटी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. उद्या काही झालं तर ते एकटीने घेऊन जगणं मला झेपायचं नाही.

फोन करू नकोस. फोनवर ती तुला बरी आहे म्हणून सांगेल, आणि तू विश्वास ठेवशील. ये.

तुझी वाट पाहणारी,
ताई